तीन म्हणेपर्यंत

मी पहिल्यांदा त्यांच्या अंगणात मोटारसायकल उभी केली, तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही. वाकले आणि सायलेन्सरला तळहात लावला. वैभववाडीहून समुद्रापर्यंत आलेल्या गाडीचा सायलेन्सर तो. दुसरा कुणी असता तर बोंबलत विहिरीकडे पळाला असता. ह्यांनी डोळे मिटून नाडी बघावी तसा तो बघितला.

"खंयसून इलंस?"

"वैभववाडीहून."

"म्हणजे एक आंगोळ, दोन चाय आणि घरच्यांका पुरात इतको भात वाटेर सांडत इलंस."

"मी खोली बघायला आलोय. बर्फाच्या कारखान्यात नवीन मॅनेजर..."

"खोली मगे बगूया. ह्यां गरम आसा तवसर कामाक लागांदे."

त्यांनी दोरीवरचा ओला पंचा काढून सायलेन्सरवर पसरला. मी खोली बघितली, विहीर बघितली, घरातल्या काकूंनी दिलेलं कोकम सरबत प्यायलो. बाहेर आलो तर पंचा वाळून कडकडीत झाला होता. एक कोपरा जळलाही होता, तो त्यांनी घडीत आत दुमडला. असे ते माझे घरमालक झाले आणि पुढची सहा वर्षं माझ्या गाडीनं त्यांची अर्धी धुणी वाळवली.

त्यांचं नाव मी सांगत नाही. सांगून फायदाही नाही, कारण गावात त्या नावानं विचारलंत तर लोक तुम्हाला थेट तोंडवलीपर्यंत पाठवतील. गावाला ते धूरकाका म्हणून माहीत. उभी हयात त्यांनी धुराच्या मागे काढली. मुंबईच्या पलीकडे एका कारखान्याचं स्वतःचं वीजघर होतं. जाड, काळं तेल जाळणारी घराएवढी इंजिनं. त्या इंजिनांचा धूर चिमणीतून जाण्याआधी एका बॉयलरमधून फिरवायचा, त्याच्या उष्णतेवर पाणी उकळायचं आणि त्या वाफेवर आणखी थोडी वीज करायची, हे ह्यांचं खातं. "एकदा जेवलेल्या पत्रावळीर दुसरी पंगत उठवूचा काम," असं ते सांगत. ते निवृत्त होऊन गावी आले. खातं मात्र चालूच राहिलं.

त्यांच्या घरातल्या चुलीचा धूर हा मी पाहिलेला सगळ्यात कष्टाळू धूर. चुलीतून निघाला की पत्र्याच्या नळीत शिरायचा. नळी आधी न्हाणीतल्या तांब्याच्या हंड्याला विळखा घालायची. आंघोळीचं पाणी तिथं तापे. मग ती एका पत्र्याच्या पेटीखालून जाई. पेटीत बांबूच्या ताटल्या, ताटल्यांत कोकमाची सालं. भर पावसात वाळलेली आमसुलं आख्ख्या तालुक्यात ह्यांच्याच घरी मिळायची. मग कुठं तो धूर छपराबाहेर पडायचा, दिवसभर मोलमजुरी करून आलेल्या माणसासारखा, मान खाली घालून.

एसटीत ते नेहमी ड्रायव्हरच्या शेजारी बसत. इंजिनाच्या झाकणावर पेजेचा डबा. कणकवलीला पोचेस्तोवर पेज ऊन. शेजारच्या आजोबांना ताप भरला तर हे समाचाराला जाताना ओला रुमाल घेऊन जात आणि येताना वाळलेला आणत, असं मी स्वतः पाहिलंय. म्हणजे पाहिलं काकूंनी, त्यांनी मला सांगितलं, पण ते एकच.

आणखी एक विचित्र सवय. घरात, बाजारात, देवळात चोख मालवणी. पण यंत्राशी बोलायचे ते शुद्ध मराठीत, आणि आदरानं. आमच्या कारखान्यातला जनरेटर एकदा सुरू होईना, तर हे त्याच्या कानाशी जाऊन म्हणाले, "आपली प्रकृती बरी दिसत नाही. डिझेलमध्ये पाणी आले आहे काय?" आणि पाणीच निघालं. साहेबाशी बोलतानाही तेच शुद्ध मराठी. माझ्याशी मात्र शेवटपर्यंत मालवणीच. मी मॅनेजर होतो, पण साहेब वाटलो नाही. हा मी माझा मान समजतो.

त्यांचं मोजमाप एकच, उजवा तळहात. चुलीची नळी छपराबाहेर जिथं पडे तिथं शिडी लावून रोज सकाळी चढायचे, नळीवर हात टेकायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "एक, दोन, तीन." तीनला हात उचलायचा. एकदा मी खालून म्हटलं, "काका, एवढी उष्णता अजून उरलीय. आणखी एक पेटी बसवा ना."

शिडीवरून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दुसऱ्याची कोंबडी मागितली होती.

"तीन म्हणासर हात ठेवूक गावलो पायजे. चार म्हणूक गावता नये. चार म्हणूक गावला, म्हणजे हावरो झालंस."

"उरलेली उष्णता फुकट जाते त्याचं काय?"

"ती फुकट जायना. ती धुराची वाटखर्ची. धुराक अगदी गार करून भायर धाडूक गेलंस तर तो नळीतच रडता. त्या पाण्यात तेजाब आसता रे, लोखंड खाता."

मग शिडी उतरून, हात पंच्याला पुसत त्यांनी सांगितलं ते मी पुढं कधी विसरलो नाही. त्या वीजघरात वरच्या साहेबांना आणखी वाफ हवी होती. ह्यांनी नळ्यांचे दोन जादा थर बसवून दिले. धूर एवढा गार केला, की चिमणीला गाल लावून झोपावं. सत्कार झाला, नारळ मिळाला. वर्ष भरायच्या आत आतल्या नळ्या कुरतडलेल्या बिस्किटासारख्या झाल्या, बॉयलर फुटायच्या बेताला आला आणि अख्खं वीजघर बंद ठेवावं लागलं. थर मागणारे साहेब बदली घेऊन गेले. नाव राहिलं ते बसवणाऱ्याचं. "निवृत्त झालो" असं ते सांगत ते खरं होतं, फक्त वेळेच्या आधी झाले होते.

"माका कोणी सांगूक नाय असा नाय," ते म्हणाले. "माका म्हायत होता. सत्कार व्हयो होतो."

गावात ही गोष्ट ठाऊक नव्हती. गावाला फक्त शिडी दिसायची. त्यात सगळ्यात जास्त चिडवायची ती शेवंती. सुकी मासळी करणारी बाई. वाळूवर तिच्या मांडवात खारे बांगडे आणि गोलमो, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, वाळत पडलेली असे. नवरा दूरच्या ट्रॉलरवर, वर्षातून एकदा उगवणारा. पावसाचे चार महिने ती टोपली घेऊन खारेपाटणच्या, आमच्या वैभववाडीच्या बाजारात बसायची. लहानपणी पावसाळ्यात मी जो खारा बांगडा चुलीत भाजून खाल्ला, तो बहुतेक तिच्याच सासूनं वाळवलेला. ह्यांना शिडीवर बघितलं की ती रस्त्यावरून ओरडायची, "काकानू, माझो घोव इलो की त्याच्या डोक्याक पण एक नळी लावा गो बाय! लय धूर सोडता."

"गो बाय" हे काकूंना उद्देशून. काकू माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात मासळीचं नाव नाही. समुद्राच्या काठी राहून बांगडा न खाणारी बाई म्हणजे स्वतः एक नवल, पण धूरकाकांच्या शेजारी ते नवल कुणाच्या लक्षात येत नसे. काका स्वतः मासे खात. दुसऱ्यांच्या घरी, आणि येताना विहिरीवर चूळ भरून.

मग त्या वर्षीचं वादळ आलं. मे महिन्याचा शेवट, सुक्या मासळीचा अगदी भराचा हंगाम. आमच्या गावात म्हणे एक माड मुळासकट उडून खाडीपलीकडे जाऊन उभाच राहिला आणि त्याला पुढच्या वर्षी नारळ धरले. त्यावर मी पैज लावणार नाही. पण विजेचे खांब भातासारखे आडवे झाले आणि आठ दिवस वीज नव्हती, हे खरं. कारखान्याच्या पोटात साऱ्या खाडीची ताजी मासळी बर्फात पडलेली. जनरेटर थांबला असता तर सगळी गेली असती. तो मी दिवसरात्र चालू ठेवला. भिंतीमागं त्याचं धुराचं नळकांडं आभाळाकडे तोंड करून गर्जत होतं आणि त्याच्यापुढं धूरकाका उभे. दारात जेवण सांडलेलं बघावं तसे.

तिसऱ्या दिवशी शेवंती आली. चिडवायला नाही. वाळूवरचा मांडव गेला होता, मासळी वाचवली होती पण ओली. आभाळ भरलेलं, उन्हाचा पत्ता नाही. डोक्यावरची टोपली तिनं कारखान्याच्या पायरीवर ठेवली.

"म्यानेजर, बर्फात ठेवतंस?"

"वयनी, खारवलेली मासळी बर्फात ठेवून काय उपयोग? ती वाळायला हवी."

"तां माका शिकव नको," ती म्हणाली. मग आवाज उतरला. "अजून दोन दिस असा रवला तर किडे पडतले. मगे चार म्हयने बाजारात काय घेवन बसू? माती?"

तेवढ्यात भिंतीमागून आवाज आला. "शेवंते, टोपले किती?"

"अकरा."

"जाळ्यांच्या खोपीत हाड, घेवन ये."

कारखान्याचे चेअरमन वादळामुळे कुडाळला अडकले होते. परवानगी कुणाची घ्यायची? चालत्या जनरेटरच्या धुराशी खेळ करायचा, तो बिघडला तर माझी नोकरी आणि साऱ्या खाडीची मासळी एकदम जाणार. मी काकांकडे बघितलं. त्यांनी तळहात दाखवला. मी हो म्हटलं. ह्या हो म्हणण्याला मी आजपर्यंत धाडस म्हणत आलोय. खरं म्हणजे तो हात बघून नाही म्हणता आलं नाही, एवढंच.

डांबराची दोन रिकामी पिंपं. त्यांत आरपार लोखंडी नळ्या, शाळेच्या मोडक्या पंपाच्या आणि बुडालेल्या होडीच्या कठड्याच्या. धूर नळ्यांच्या आतून जायचा. बाहेरून, पिंपातून, ट्रकच्या पंख्यानं हवा ढकलायची. हवा तापून शेजारच्या जाळी विणायच्या खोपीत शिरायची. धुराची आणि मासळीची गाठ पडू द्यायची नाही, नुसती ऊब इकडून तिकडे. ह्यांनी वेल्डिंग करताना जनरेटरला दोनदा विचारलं, "आपल्याला त्रास होत नाही ना?" दुपारी खोपीत पाऊल टाकलं तर गरम वाऱ्यानं डोळे मिटले. शेवंतीचे बांगडे संध्याकाळपर्यंत कडक व्हायला लागले. काकांनी बाहेरच्या नळकांड्यावर हात ठेवला. एक, दोन, तीन. उचलला. माझ्याकडे बघून हसले.

दुसऱ्या दिवशी गाव आला. म्हणजे गावच्या वस्तू आल्या. ओल्या गाद्या, शाळेचे हजेरीपट, पोस्टमनची पिशवी, पापड, देवळातल्या मृदंगाचं चामडं. दशावतारी मंडळानं राजाचा अंगरखा आणला. तो मधोमध टांगला, वाफा सोडत, आणि खाली बांगडे मांडलेले. अख्खा दरबार भरल्यासारखा वाटे. ज्या माणसाच्या शिडीला लोक हसले, त्याला आता बसायला खुर्ची आली, चहा आला, काकानू बरे असात, काकानू पान खातास. शेवंतीनं सगळ्यांना जागा करून दिली. तिचे फक्त दोन टोपले राहिले होते, सगळ्यात जाडे, तेलकट बांगडे. वाळायला वेळ घेणारे, पण बाजारात सगळ्यात आधी उठणारे. ते तिनं शेवटच्या रांगेत सरकवले.

आणखी एका दिवसानं चेअरमन पोचले. मला वाटलं, आता माझी पिशवी भरायची. ते खोपीत फिरले, अंगरख्याला हात लावून बघितला आणि म्हणाले, "माझे काजू भिजले आहेत. हे असं आणखी एक पिंप बसणार नाही का? बसलं तर पावसानंतर आपण ह्याचं उद्घाटनच करू. तुमच्या हस्ते."

हा भाग मला गाळायचा होता. पण मग पुढचं सांगता येत नाही. धूरकाकांनी तिसरं पिंप बसवलं. स्वतः, हसत, वीसेक माणसं बघत असताना. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "काका, तीनचं काय?"

"दोन दिसांचो प्रश्न आसा रे," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

दोन तास सगळं छान चाललं. काजू शेवटच्या रांगेपलीकडे पसरले होते, चेअरमन खुर्चीत होते. मग नळकांड्याच्या टोकातून काळं पाणी थेंब थेंब पडायला लागलं. जनरेटरचा आवाज जड झाला, नाक चोंदलेल्या माणसासारखा. तीन पिंपांच्या नळ्यांतून धूर रेटता रेटता इंजिनाला धाप लागली होती. काका उठले. नळकांड्यावर हात ठेवला. एक, दोन, तीन, चार, पाच. दहापर्यंत मी मोजलं. त्यांनी हात उचललाच नाही. उचलायची गरजच नव्हती. वीजघराची गोष्ट सांगताना त्यांचा जो चेहरा मला दिसला नव्हता, तो आता दिसला.

"साहेब," ते चेअरमनना म्हणाले, शुद्ध मराठीत. "हे पिंप आता निघेल."

"अहो, काजू अर्धे राहिलेत."

"जनरेटर थांबला तर बर्फातली मासळी जाईल. मी एकदा एक वीजघर असे बंद पाडले आहे. कोणी विचारले नाही म्हणून सांगितले नव्हते. आता सांगतो आहे."

चेअरमन काजूंकडे बघत खुर्चीतच बसले. मी म्हटलं, "मॅनेजर म्हणून सांगतो, काढा." माझा आवाज किती बारीक निघाला ते गावात अजून करून दाखवतात. जनरेटर दहा मिनिटं थांबवला, पिंप निघालं, जनरेटर पुन्हा लागला. पहिल्यासारखा मोकळा. चेअरमन काजू गोळा करून गेले, उद्घाटन घेऊन गेले. जाताना कुणीतरी म्हणालंच, "तरी मी म्हणत होतंय, म्हाताऱ्याचो एक इस्क्रू ढिलो आसा."

पण तेवढ्या वेळात ओल्या काजूंच्या वाफेनं खोपी दमट झाली होती आणि शेवटच्या रांगेतले ते दोन टोपले परत ओलसर, चिकट. खोपी पुन्हा कोरडी व्हायला दुसरा दिवस उजाडणार होता. शेवंतीनं एक बांगडा उचलून नाकाला लावला. परत ठेवला आणि दोन्ही टोपले एकावर एक रचले. 

"माझी चूक," काका म्हणाले. "घराक हाड."

"खंय? काकींच्या घरात?"

"आमसुलांच्या पेटयेत."

मी, काका आणि दोन टोपले घेऊन शेवंती, अशी वरात अंगणात पोचली. काकू दारात उभ्या. वास आमच्या आधी पोचला होता. काकांनी विजेच्या सगळ्या गोष्टी सोडून सरळ सांगितलं, "पिंप काढूचा लागला. हिचे बांगडे जातले. पेटी व्हयी."

काकूंनी एकदा माळेला हात लावला. शेवंती मागे सरकली. "नको काकी. देवाचा घर तुमचा."

"देवाक मासे काय पयल्यांदा दिसतले?" काकू म्हणाल्या. "समुद्र कोणी केलो?" मग नवऱ्याकडे वळल्या. "आमसुलां काढून घेवा. आणि तुमी माका एक सांगा, पिंप तुमीच लावलास ना?"

"होय."

"तुमका म्हायत होता?"

"होय."

"मगे चुलीम्होरं तुमीच बसा. तीन दिस. उठू नकात."

तीन दिवस धूरकाका चुलीपुढून उठले नाहीत. बारीक आच, एकसारखी. काकूंनी तेवढे दिवस अंगणात फणसाखाली तीन दगड मांडून आपला आणि आमचा भात केला. त्या उघड्या चुलीची सगळी उष्णता आभाळात जात होती आणि काका आतून बघत लाकूड सारत होते. ही त्यांची शिक्षा होती की काकूंची, ते मला आजपर्यंत ठरवता आलं नाही.

त्या पावसात मी वैभववाडीच्या बाजारात गेलो होतो. शेवंती टोपली घेऊन बसली होती. एका गिऱ्हाइकाला सांगत होती, "वास घेवन बग. माळकरणीच्या चुलीर वाळलेलो बांगडो आसा ह्यो. असो तुका विलायतेत गावाचो नाय." तेव्हापासून दर श्रावणात काकूंच्या ओट्यावर वालीच्या शेंगा आणि काकडी येऊन पडते. कोण ठेवतं ते कुणी विचारत नाही.

नंतर मला आमच्याच तालुक्यात काम मिळालं आणि मी खोली सोडली. निघताना काकांनी गाडीच्या सायलेन्सरला हात लावला नाही. अजून सुरूच केली नव्हती. त्यांनी माझा हात धरला. खरखरीत, पोळून पोळून घट्टा झालेला तळहात. मी मनात मोजलं. तीनला सोडला. दोन वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

यंदा गेलो होतो. काकू चुलीपुढं. वीज आहे, गॅस आहे, पण भात चुलीवर. नळी अजून हंड्याला विळखा घालून पेटीकडे जाते. मी पेटीचं दार उघडलं. ताटल्या रिकाम्या.

"आमसुलं नाही करत आता?"

"करतंय. वायच उन्हात." काकूंनी लाकूड पुढं सारलं. "वास येता काय रे पेटयेक?"

"नाही."

"येता. माका म्हायत आसा." त्यांनी चूल फुंकली. "ते म्हणाले होते, नवी पेटी करून देतंय. मी म्हटलंय, ऱ्हवांदे."

मग मी बाहेर आलो. शिडी तिथंच भिंतीला टेकलेली. ह्या वयात, ह्या पोटानं मी शिडीवर चढलो हे कुणी बघितलं असतं तर मीच वाढवून सांगितलं असतं. नळी छपराबाहेर पडते तिथं तळहात टेकला. एक, दोन, तीन. चार म्हणायला गेलो आणि हात आपोआप उचलला गेला.

"कितकां म्हणूक गावला?" खालून काकूंचा आवाज आला.

"तीन."

"बरां," त्या म्हणाल्या, आणि आत भात बघायला गेल्या.